मदत हवी आहे: म्हाताऱ्या कुत्र्याची वेळ आली हे कसे ओळखावे, आणि त्या वेळी मी त्याच्याजवळ असावे का?

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण मागचे सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या बंड्याला पुढच्या महिन्यात १४ वर्षे पूर्ण होतील. गेल्या वर्षी तो एकाएकी खूप पाणी पिऊ लागला आणि रात्रीतून दोनदा लघवीसाठी उठवू लागला, तेव्हा आम्ही ते उकाड्यावर आणि वयावर ढकलले. पुढे रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करेनासे झाले की रक्तात साचणारे द्रव्य) ३.४ निघाले, मागच्या आठवड्यात ते ६.१ आले आहे. मूत्रपिंडाचा आजार चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात गेला आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. सध्या दिवसाआड मी घरीच त्याच्या कातडीखाली सलाईन देते. खांद्यांच्या मध्ये मोठा फुगवटा येतो, तो हळूहळू एका पुढच्या पायाकडे उतरत जातो, आणि बाटली संपेपर्यंत बंड्या माझ्या मांडीवर हनुवटी टेकवून निमूट पडून असतो. सुई टोचली तरी तो हलत नाही, आणि खरे सांगायचे तर मला तेच बघवत नाही, कारण पूर्वी नुसती नखे कापायची म्हटली तरी हा घर डोक्यावर घेत असे.

डॉक्टर चांगले आहेत, पण 'दयामरणाचा निर्णय तुम्हीच घ्यायचा' यापलीकडे ते काही बोलत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की आपण मध्ये पडू नये, तो आपल्या पावलाने जाईल. बहिणीचे मत नेमके उलट आहे. मी रोज दोघांचे ऐकते आणि रोज माझे मत बदलते. परवा सकाळी त्याने वाडग्याकडे पाहून तोंड फिरवले आणि कितीतरी वेळ नुसते ओठ चाटत बसला, तेव्हा वाटले की आता पुरे. त्याच संध्याकाळी मी कुलपात किल्ली फिरवली, तर आतून शेपूट फरशीवर आपटल्याचा आवाज आला. उठता येत नव्हते, पण शेपूट हलत होती. त्या आवाजाने सकाळचा निर्णय तिथल्या तिथे मोडला.

आता खरी गोष्ट. ११ वर्षांपूर्वी आमची आधीची कुत्री राणी गेली, तेही इंजेक्शन देऊनच. 'नातेवाइकांनी बाहेर थांबायचे' असे त्या दवाखान्यात मला सांगितले गेले आणि मी थांबले. आज वाटते की मी हट्ट धरला असता तर कदाचित आत राहू दिले असते. पण मी हट्ट धरला नाही, आणि मनाच्या एका कोपऱ्यात मला सुटल्यासारखेही वाटले होते. दार लागण्यापूर्वी एवढेच दिसले, की टेबलावर ठेवलेल्या राणीची मान दाराकडे वळलेली आहे. त्यानंतरची सात-आठ मिनिटे मी बाकावर बसून होते. त्या मिनिटांत आत काय झाले ते मला आजतागायत माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मन पुन्हा पुन्हा रचत राहते.

म्हणून विचारते. वेळ झाली हे आपण कशावरून ठरवले? प्रत्यक्षात त्या खोलीत काय होते, हे कुणी न गाळता सांगू शकेल का? आणि आमच्याकडे चिंगी ही चार वर्षांची दुसरी कुत्री आहे, ती बंड्याला टेकूनच झोपते. तिला त्या वेळी घरात ठेवावे की दूर न्यावे? सांत्वन नको आहे, माहिती हवी आहे. ('तो कुत्रा युधिष्ठिराबरोबर थेट स्वर्गाच्या दारापर्यंत गेला होता' हे मला या महिन्यात पाच जणांनी ऐकवले आहे.)

पहिला प्रतिसाद

मी अनेक वर्षे पशुवैद्यांच्या हाताखाली काम केले आहे, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

सुरुवातीला बहुधा कातडीखाली किंवा स्नायूत गुंगीचे इंजेक्शन देतात. पाच-दहा मिनिटांत प्राण्याचे डोके जड होते, तो आडवा होतो, आणि त्यानंतर त्याला शेजारी काय चालले आहे याचे भान राहत नाही. तुम्हाला जे बोलायचे आहे ते या आधी बोलून घ्या. मग पायावरचे थोडे केस काढून शिरेत सुई बसवतात आणि तीतून पेंटोबार्बिटल देतात. हे मुळात भुलीचेच औषध आहे, फक्त त्याची मात्रा फार मोठी असते. काही सेकंदांत उरलीसुरली शुद्ध जाते, मग श्वास थांबतो आणि पाठोपाठ हृदय. डॉक्टर स्टेथोस्कोपने खात्री करून सांगतात.

आता लोकांना जे कुणी आधी सांगत नाही ते. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. कधी कधी मृत्यूनंतर एखादा मोठा श्वास घेतल्यासारखे होते किंवा पायाचे स्नायू थरथरतात. ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते, जीव परत आलेला नसतो. लघवी किंवा शी होऊ शकते, म्हणून खाली जुनी चादर ठेवावी. बंड्यासारख्या आजारात शरीर कोरडे पडलेले असते आणि रक्तदाब कमी असू शकतो, त्यामुळे शीर सापडायला वेळ लागतो आणि दोन-तीनदा टोचावे लागते. हे माहीत नसलेल्या माणसाला तेवढेच दृश्य पुढे वर्षानुवर्षे दिसत राहते, म्हणून गुंगी आधी द्या, असे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. राणीच्या खोलीतही बहुधा एवढेच घडले असेल. ती सात-आठ मिनिटे मुख्यतः गुंगी चढण्यात आणि शीर शोधण्यातच गेली असणार.

वेळ ओळखण्यासाठी अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुकर्करोगतज्ज्ञ बाईंनी केलेली एक मोजपट्टी पुष्कळ ठिकाणी वापरतात. वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहणे योग्य मानतात. माझा स्वतःचा अनुभव असा, की बेरजेवर फार विसंबू नये. श्वास लागत असेल किंवा वेदना आवरत नसेल, तर शेपटीचे दहा गुण त्याची भरपाई करू शकत नाहीत. पण रोज लिहिण्याचा फायदा हा, की तुमचे मत कुलपातल्या किल्लीबरोबर फिरत नाही.

वडीलधाऱ्यांच्या मुद्द्याचा मान राखून एकच सांगतो. मूत्रपिंडाच्या आजारात आपल्या पावलाने जाणे हे सहसा झोपेत जाणे नसते. रक्तात विषारी द्रव्ये साचत जातात, मळमळ थांबत नाही, तोंडात फोड येतात, आणि शेवटी झटकेही येऊ शकतात. तुम्ही ओठ चाटणे लिहिले आहे, ते मळमळीचे लक्षण असते. त्यावर औषध आहे, ते आजच विचारा. आणि 'आधी कळले नाही' हे मनाला लावून घेऊ नका, कारण क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. कुणी दुखण्यावर माणसांची गोळी सुचवली तर मात्र अजिबात देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधे उरलेले मूत्रपिंडही संपवतात.

एक विसरलो. पुरणार असाल तर खड्डा खोल घ्या. ते औषध मृतदेहात टिकून राहते, आणि वर उकरून खाणारा दुसरा प्राणी त्याने मरू शकतो.

दुसरा प्रतिसाद

आम्ही चार दिवस उशीर केला. तोही किल्लीच्या आवाजाला शेवटपर्यंत शेपूट हलवत होता, कारण ती हलवणे त्याला दुखण्यापेक्षा सोपे होते. एवढेच लिहायचे होते.

तिसरा प्रतिसाद

चिंगीबद्दल लिहिते. २०२२ मध्ये इटलीतल्या ४२६ लोकांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या घरी किमान दोन कुत्री होती आणि त्यांतले एक गेले होते. बहुतेकांनी, म्हणजे ८६ टक्क्यांनी, मागे राहिलेल्याच्या वागण्यात बदल पाहिला होता: माणसाला चिकटून राहणे, खेळ कमी होणे, जास्त झोपणे, खाणे कमी होणे. हे सगळे मालकांनी सांगितलेले आहे आणि मालक स्वतः दुःखात असतात, हे लक्षात ठेवूनच वाचावे. तरी माझ्या घरी जवळजवळ तसेच झाले.

आमच्या मोठीला दवाखान्यात नेले आणि ती परत आलीच नाही. धाकटा दोन आठवडे रोज गाडीच्या मागच्या दाराशी जाऊन बसत असे, कारण त्याच्या लेखी ती गाडीतच होती. दुसऱ्या वेळी डॉक्टर घरी आले. सगळे झाल्यावर आम्ही राहिलेल्याला आत सोडले. त्याने कान हुंगले, मग तोंड हुंगले, एक पाऊल मागे सरकला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेला. तो उदास झाला, पण त्याने शोधले नाही. त्याला काय उमगले हे मी सांगू शकत नाही. फरक दिसला, तो लिहिला. इंजेक्शनच्या वेळी चिंगीला दुसऱ्या खोलीत ठेवा, नंतर आणा, तिला हवा तेवढा वेळ द्या आणि ओढू नका. पुढचे काही आठवडे तिच्या फिरण्याच्या आणि खाण्याच्या वेळा मिनिटानेही चुकवू नका. दोन दिवस सलग खाल्ले नाही तर मात्र ते दुःख समजून सोडून न देता तिला तपासून घ्या.

आणि 'एवढे काय त्या कुत्र्यासाठी' असे कुणी म्हणालेच, तर जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सापडलेल्या थडग्याबद्दल त्यांना सांगा. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी एका स्त्री-पुरुषासोबत तिथे एक पिल्लू पुरलेले होते. त्याच्या दातांवरून अभ्यासकांनी काढले, की ते जेमतेम सात महिन्यांचे होते आणि त्याला लहान वयातच डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार झाला होता. कुणीतरी जवळ बसून पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय ते कित्येक आठवडे जगले नसते, आणि त्या काळात त्याचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

मूळ लेखिका, नऊ दिवसांनी

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. वहीत सात रकाने आखून रोज रात्री गुण लिहिले. पहिल्या दिवशी बेरीज ४१ आली, आणि ती वाढवण्यासाठी मी 'आनंद' या रकान्यात दोन गुण जास्त घातले होते, हे मला दुसऱ्या दिवशी वाचताना कळले. मळमळीच्या औषधाने तीन दिवस खरोखर चांगले गेले. एकदा तर तो स्वतः उठून दारापर्यंत आला. मग ३३, मग २७. काल रात्री वडील माझ्याआधी वहीजवळ येऊन बसले होते. त्यांनी शेवटची दोन पाने पाहिली, वही मिटली आणि डॉक्टर कधी येऊ शकतील ते विचारले.

शनिवारी सकाळी डॉक्टर घरी येणार आहेत. गुंगी आधी द्यायची हे मी बोलून घेतले आहे, आणि मी त्याच्या डोक्याशी बसणार आहे हेही सांगितले आहे. त्यांनी विरोध केला नाही. शुक्रवारी रात्री सलाईन देऊन ठेवा म्हणजे शीर सापडायला सोपे जाईल, एवढेच म्हणाले. चिंगी बहिणीबरोबर आतल्या खोलीत राहील.

एकच शंका राहिली आहे. बंड्याच्या पट्ट्याला एक बिल्ला आहे, तो हलला की वाजतो, आणि चिंगी कुठेही असली तरी त्या आवाजाला उठून येते. तो पट्टा डॉक्टर येण्यापूर्वीच काढून ठेवावा, की चिंगी त्याला हुंगून जाईपर्यंत गळ्यात राहू द्यावा? कुणाला अनुभव असल्यास कृपया शुक्रवारपूर्वी लिहावे.