मूट कोर्टसाठी मदत हवी: जपानच्या खटल्यात सामान्य नागरिक नेमकं काय करतात?

सात_रस्ता
सोलापुरात आमच्या लॉ कॉलेजात जपानी पद्धतीने खुनाच्या खटल्याचं मूट कोर्ट (सरावासाठीचा नकली खटला) घ्यायचं ठरतंय. पाच तास मिळणार आहेत, हॉल लहान आहे. तिकडे ‘सैबान-इन’ म्हणून नागरिक बसतात एवढंच माहीत आहे. बाकावर किती जण, निवडायचे कसे, मतं कशी मोजायची, शिक्षा कोण ठरवतं? आपल्याकडच्या गाजलेल्या नानावटी खून खटल्यातल्या ज्युरीसारखं (निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) बसवलं तर चालेल का?

भवानी_पेठ
नाही चालणार मालक. नानावटी खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे ज्युरी वेगळी, न्यायाधीश वेगळे. जपानमध्ये दोघं एकाच बाकावर बसतात, एकाच खोलीत चर्चा करतात आणि दोषी की निर्दोष हे आणि शिक्षा, दोन्ही मिळून ठरवतात. कायदा २००४चा, अंमल २१ मे २००९पासून. त्याआधी १९२८ ते १९४३ त्यांच्याकडेही ज्युरी होती, पण आरोपी ती नाकारू शकायचा. आता नाकारायची सोय नाही.

बाकावर ९ जण. मधे ३ न्यायाधीश काळ्या झग्यात, दोन्हीकडे तीन-तीन नागरिक साध्या कपड्यांत. गुन्हा कबूल असेल तर १ न्यायाधीश आणि ४ नागरिक अशी तरतूद आहे, पण ती नावापुरतीच. तुम्ही ९च घ्या. फाशी-जन्मठेपेचे किंवा जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्यात माणूस दगावल्याचे खटलेच या पद्धतीने चालतात, तेही फक्त जिल्हा न्यायालयात. खून घेतलाय ते बरं केलंत.

निवड मतदार यादीतून चिठ्ठ्या काढून होते. पुढच्या वर्षाच्या यादीत नाव आलेल्यांना नोव्हेंबरात पत्र जातं. मग खटल्यापुरती परत सोडत, प्रश्नावली, कोर्टात न्यायाधीशांची विचारपूस. सरकारी पक्ष आणि बचाव पक्ष प्रत्येकी ४ जणांना कारण न देता वगळू शकतात. उरलेल्यांतून पुन्हा सोडतीने ६. म्हणजे तुम्हाला निदान १४ जण बोलवावे लागतील. वकील, पोलीस, खासदार आणि कायद्याचे प्राध्यापक अपात्र. विद्यार्थ्यांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना नकार देता येतो. तेव्हा लॉची पोरं बाकावर बसवूच नका. कॉलेजचा ऑफिस स्टाफ, कॅन्टीनवाले, कुणाचे तरी काका-मावशी आणा. नाहीतर चर्चेत सगळे कलमंच फेकत बसतील.

होटगी_रोड
मतमोजणी हाच खरा गाभा आहे, तिथेच बहुतेक स्क्रिप्ट चुकतात. साधं बहुमत, म्हणजे ९पैकी ५. पण दोषी ठरवायचं तर त्या पाचांत किमान १ न्यायाधीश आणि किमान १ नागरिक हवाच.

६ नागरिक ‘दोषी’ म्हणाले आणि तिन्ही न्यायाधीश ‘नाही’ म्हणाले, तर आरोपी सुटला. ३ न्यायाधीश आणि १ नागरिक ‘दोषी’ म्हणाले तर ४च होतात, तरी सुटला. ३ आणि २ झाले की दोषी. सोडायला मात्र न्यायाधीशाचं मत लागत नाही. पाच नागरिकांनी ‘सिद्ध झालं नाही’ म्हटलं की विषय संपला. एकमत कशालाच लागत नाही, फाशीलासुद्धा नाही.

शिक्षेवर बहुमत जमलं नाही तर सगळ्यात कडक मतापासून खाली मोजत यायचं. समजा ३ नागरिक १५ वर्षं म्हणतात, २ नागरिक १२, १ नागरिक आणि १ न्यायाधीश १०, उरलेले २ न्यायाधीश ८. पंधरावाले ३, त्यात बारावाले मिळवले की ५. बहुमत झालं, पण न्यायाधीश एकही नाही, म्हणून अजून खाली. दहावाले धरून ७ होतात आणि न्यायाधीशही येतो. शिक्षा १० वर्षं. फळ्यावर हे आधी लिहून दाखवा, प्रेक्षकांना तोंडी समजत नाही.

सात_रस्ता
एकदम कामाचं. नागरिकांनी साक्षीदाराला प्रश्न विचारायचे का? आणि पाच तासांत बसवायचं कसं?

जुळे_सोलापूर
विचारायचे. पीठासीन न्यायाधीशांना (बाकावरच्या प्रमुख न्यायाधीशांना) आधी सांगून थेट विचारता येतात. पण कायद्याचा अर्थ आणि कामकाजाचे निर्णय न्यायाधीशांकडेच राहतात.

वेळ वाचतो तो आधीच्या बैठकीमुळे. खटल्यापूर्वी न्यायाधीश, सरकारी वकील आणि बचाव पक्ष वादाचे मुद्दे आणि पुरावे ठरवून टाकतात. नागरिक तिथे नसतात. तुम्ही हे आदल्या दिवशी उरका आणि वाद एकाच मुद्द्यावर आणा, उदा. मारण्याचा इरादा होता की नव्हता. मग निवड ४० मिनिटं, दोन्ही बाजूंची प्रास्ताविकं २०, साक्षीपुरावे दीड तास, युक्तिवाद ३०, चर्चा दीड तास, निकाल १०. उरलेल्या वीस मिनिटांत चहा. चर्चेचा वेळ कापू नका.

प्रास्ताविकात बचाव पक्षाला गप्प बसता येत नाही. सरकारी वकिलापाठोपाठ त्यालाही आपली बाजू मांडावीच लागते. आपल्याकडे दोषी ठरल्यावर शिक्षेवर वेगळं ऐकतात (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २३५(२), आता बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं २५८(२)). तिथे तसा वेगळा टप्पा नाही. शिक्षेची मागणीही शेवटच्या युक्तिवादातच होते, त्यामुळे मृताच्या नातेवाइकांचं रडणं गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच बाकापर्यंत पोचतं. माझ्या मते या पद्धतीतली ही सगळ्यात कच्ची जागा, आणि मूट कोर्टात ती मुद्दाम दाखवा. प्रेताचे खरे फोटो मात्र नकोत. २०१३ साली तिकडे अशा फोटोंमुळे मानसिक त्रास झाला म्हणून एका नागरिक न्यायाधीशाने सरकारवर दावा लावला होता. रेखाचित्र पुरतं.

चर्चा प्रत्यक्षात बंद खोलीत होते आणि फोडली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. तुम्ही ती हॉलमध्ये करणार असाल तर तसं आधी जाहीर करा. पीठासीनाने आपलं मत शेवटी सांगायचं, नाहीतर सहाही जण माना डोलावतात.

होटगी_रोड
अजून एक. सरकारी मागणीपेक्षा जास्त शिक्षा द्यायला बंदी नाही. पण बाळाच्या मृत्यूच्या एका खटल्यात मागणी १० वर्षांची असताना आईबापांना १५-१५ दिली गेली. २०१४मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकाला १० आणि दुसऱ्याला ८ केली. तशाच खटल्यांतल्या शिक्षांपेक्षा इतकं वर का गेलात, याची कारणं निकालात नव्हती. तुमचे नऊ जण मागणीच्या वर गेले, तर निकालपत्रात त्याचा एक परिच्छेद लिहायला लावा.