के२-१८बी: तीन सिग्मावर जीवसृष्टीची बातमी द्यावी का?

दर्यावर्दी:
एप्रिल २०२५मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जाहीर केलं, की १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचा भाऊबंद डायमिथाइल डायसल्फाइड असल्याची चिन्हं वेब दुर्बिणीला दिसली. पृथ्वीवर डायमिथाइल सल्फाइड मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांमुळे तयार होतं. किनाऱ्यावर पाऊल ठेवताच जो वास नाकात शिरतो, त्यात त्याचाही वाटा असतो. माझं बालपण मालवणात गेलं, त्यामुळे वाचताना अंगावर काटा आला. तरीही घोषणा घाईचीच होती. त्यांचा संकेत तीन सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा संकेत दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के (सिग्मा जितके जास्त, तितकी ही शक्यता कमी). शोध लागला म्हणायला पाच सिग्मा लागतात. शिवाय इतर गटांनी हीच निरीक्षणं पुन्हा तपासली, तेव्हा ठोस पुरावा सापडला नाही.

सिंहरास:
घाई कसली? तीन सिग्मा हे त्यांनीच छापलंय. दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास मिळाले तर पाचपर्यंत जाता येईल, हेही त्यांनीच सांगितलं. २०२३मध्ये याच गटाने तिथे मिथेन दाखवला, तो इतरांच्या तपासणीतही टिकला. दावा मांडलाच नाही, तर खोडायचा तरी कोणी?

दर्यावर्दी:
शोधनिबंधाबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती जैविक हालचालीचे आजवरचे सर्वांत भक्कम संकेत म्हणून केलेल्या गाजावाजाबद्दल. हेच डायमिथाइल सल्फाइड ६७पी धूमकेतूवरही सापडलंय. तिथे कुठलं शैवाल?

खगोलवेडी:
वायूवरून वाद चाललाय, पण ग्रह घडला कसा हे कोणी विचारतच नाहीये. वस्तुमान पृथ्वीच्या साधारण ८.६ पट, त्रिज्या २.६ पट. वस्तुमानाला त्रिज्येच्या घनाने भागा, घनता पृथ्वीच्या साधारण निम्मी येते. हायड्रोजनच्या थराखाली महासागर असला तरी हा आकडा जुळतो आणि खडकावर नुसतं वायूचं जाड पांघरूण असलं तरीही जुळतो. या दुसऱ्या चित्रात तळाशी पाणी नाही, वितळलेला खडक असू शकतो. एवढं पाणी हवं, तर ग्रह बहुधा ताऱ्यापासून दूर, बर्फ टिकतो तिथे घडून मग आत सरकला असावा. आज तो ३३ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतो. मला तर समुद्राची खात्रीच अजून पटत नाही.

सिंहरास:
घनतेचा मुद्दा मान्य. पण दोन्ही चित्रं वेगळी काढायची तर वातावरणच तपासावं लागणार, आणि ते काम हाच गट करतोय.

दर्यावर्दी:
करू देत की. तिथे समुद्र असावा असं मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच ते २४ तास घोषणेच्या आधी मिळायला हवे होते.