मोबाईल, कॅमेरा आणि गेमिंग कन्सोल : तिन्हींसाठी एकच मेमरी कार्ड चालेल का?

जुळे सोलापूरकर

नमस्कार. यंदा सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्याचे (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाचे) मी माझ्या कॅमेऱ्यावर चित्रण करीत होतो. सातही नंदीध्वज कट्ट्याजवळ आले, बाराबंदी घातलेल्या भक्तांची दाटी झाली, ‘हर्र बोला हर्र’चा गजर टिपेला पोहोचला आणि नेमक्या त्याच वेळी कार्डाचा वेग अपुरा असल्याची सूचना दाखवून कॅमेरा थांबला. पुन्हा सुरू केला, तर अर्ध्या मिनिटात तीच सूचना. गुडघेदुखीमुळे वडिलांना या वर्षी यात्रेला येता आले नाही आणि हे चित्रण त्यांच्यासाठीच करायचे होते, त्यामुळे ती चुटपुट अजून गेलेली नाही.

कार्ड ६४ जीबीचे असून त्यावर ‘१०० एमबी प्रतिसेकंद’ असे ठळक छापलेले आहे. बाजूला गोलात १० हा आकडा आणि यू या अक्षरात १ आहे. कॅमेरा फोर-के दर्जावर, १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने लावला होता. शंभराला शंभर जुळत असताना हे का घडावे, हे मला उमगत नाही.

आता नवे कार्ड घ्यायचेच आहे, तर ५१२ जीबीचे एकच मायक्रो एसडी कार्ड घ्यावे, ॲडाप्टर लावून ते कॅमेऱ्यात वापरावे आणि एरवी माझ्या मोबाईलमध्ये किंवा मुलाच्या निन्टेन्डो स्विच या गेमिंग कन्सोलमध्ये ठेवावे, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

चित्रशाळा

लग्नसमारंभांच्या चित्रणात माझी बरीच वर्षे गेली असल्याने तुमची चुटपुट मला चांगलीच समजते. अक्षता काही पुन्हा पडत नाहीत.

तुमचे दोन्ही शंभर वेगळ्या मापांतले आहेत. कॅमेऱ्याचा शंभर मेगाबिटमध्ये आहे आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे कॅमेरा दर सेकंदाला १२.५ एमबी कार्डावर लिहू पाहत होता. कार्डावर छापलेला शंभर मात्र एमबीमध्ये असला तरी तो बहुतेक वेळा वाचण्याचा, तोही अनुकूल स्थितीतला कमाल वेग असतो. चित्रणासाठी विचारायचे असते ते एवढेच, की कार्ड दमले तरी सलग लिहिण्याचा वेग कितीच्या खाली जाणार नाही. त्याची हमी त्या लहान खुणांमध्ये असते. गोलातला १० आणि यू मधला १ या दोन्हींचा अर्थ किमान १० एमबी प्रतिसेकंद असा आहे. कॅमेऱ्याला साडेबारा हवे आणि कार्डाची हमी दहाची. घरी पाच मिनिटे चालून गेले असेल, यात्रेत नेमके अडले.

यू मध्ये ३ किंवा व्ही ३० अशी खूण असलेले कार्ड घ्या, म्हणजे किमान ३० एमबीची हमी मिळेल. व्ही ६० आणि व्ही ९० ही महाग कार्डे ४०० मेगाबिट किंवा त्याहून अधिक दराने चित्रण करणाऱ्यांसाठी आहेत, तुम्हाला त्यांची गरज नाही. तुमच्या दराने तासाला ४५ जीबी लागतात, तेव्हा १२८ जीबीमध्ये पावणेतीन तासांहून थोडे अधिक चित्रण बसेल. ३२ जीबीपर्यंतची कार्डे फायली मांडण्याच्या फॅट ३२ या जुन्या पद्धतीची असतात आणि त्यांवर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, त्यामुळे तुमच्या चित्रणाचे सहा मिनिटांच्या आतच तुकडे पडत जातील. त्या वाटेला जाऊ नका.

माळरान

मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटांची छायाचित्रे काढतो, म्हणून स्थिर छायाचित्रणाबद्दल थोडी भर घालतो. काळवीट उधळला की मी सलग चाळीस-पन्नास चित्रे घेतो आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एकेक रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल साधारण २५ एमबीची होते. ती सारी आधी कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत साचतात आणि तेथून कार्डावर उतरतात. कार्ड मंद असेल, तर कळप दिसेनासा होईपर्यंत कॅमेरा लाल दिवा लुकलुकवत बसतो. यूएचएस-दोन या अधिक वेगवान प्रकारच्या कार्डाच्या पाठीमागे संपर्कपट्ट्यांची दुसरी ओळ दिसते. कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्ये त्या ओळीसाठी सोय नसेल, तर तेच महाग कार्ड यूएचएस-एकच्या वेगाने चालते आणि जास्तीचे पैसे वाया जातात.

५१२ जीबीच्या एका कार्डाऐवजी १२८ जीबीची दोन घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. एक बिघडले तर अर्धा दिवस तरी हाती उरतो.

सात रस्ता

तिन्ही उपकरणांत एकच कार्ड फिरवण्याचा विचार कृपया सोडून द्या. अँड्रॉइड मोबाईलमध्ये कार्ड अंतर्गत साठवण म्हणून जोडले, तर ते कूटबद्ध होऊन त्या मोबाईलशी बांधले जाते आणि कॅमेऱ्यात वाचता येत नाही. स्विचमध्ये उतरवलेले गेमही त्याच यंत्रावर चालतात. दोन उपकरणांपैकी एकाने फॉरमॅट मागितले आणि घाईत होकार दिला गेला, की दुसऱ्याचे सारे गेले.

मोबाईलमध्ये ॲपही कार्डावर ठेवणार असाल, तर ए १ किंवा ए २ ही खूण पाहा. ॲपला मोठ्या सलग फायलींपेक्षा असंख्य लहान नोंदी वाचाव्या-लिहाव्या लागतात. ए १ कार्ड सेकंदाला किमान १,५०० वाचने आणि ५०० लेखने करते, ए २ कार्ड ४,००० आणि २,०००. मात्र ए २ चा पूर्ण लाभ मोबाईलने ती पद्धत स्वीकारली असेल तरच मिळतो. केवळ फोटो आणि गाणी ठेवायची असतील, तर या खुणेसाठी जास्त पैसे मोजू नका.

मुलाचा स्विच कोणता आहे, हे आधी पाहा. २०१७ सालच्या पहिल्या स्विचला साधे यूएचएस-एक मायक्रो एसडी कार्ड पुरते. २०२५ साली आलेल्या स्विच २ मध्ये मात्र गेम साठवण्यासाठी मायक्रो एसडी एक्सप्रेस हाच प्रकार लागतो. आकार नखाएवढा तोच असल्याने साधे कार्डही आत सहज बसते, पण त्यावर गेम ठेवता येत नाहीत. पहिल्या स्विचवरची जुनी चित्रे आणि व्हिडिओ तेवढे त्यातून घेता येतात. दुकानदाराला ‘स्विचचे कार्ड द्या’ एवढेच सांगितले, तर चुकीचे कार्ड हाती पडण्याचा संभव मोठा आहे.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. मुलाचे यंत्र स्विच २ आहे, मामाने दुबईहून आणलेले. त्यात मुळातच २५६ जीबी जागा असल्याने त्याचे कार्ड तूर्त थांबवतो. एक शंका राहिली : एका विक्रेत्याने नामांकित कंपनीचे ५१२ जीबीचे कार्ड इतर दुकानांच्या निम्म्याहून कमी किमतीत देऊ केले आहे. घ्यावे का?

चित्रशाळा

घेऊ नका. बनावट कार्डातली चिप प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीची असते, पण ती ५१२ जीबीची असल्याचे उपकरणाला सांगावे अशी तिची जुळणी केलेली असते. सुरुवातीला सारे सुरळीत दिसते आणि खरी जागा संपली की नवी चित्रे जुन्यांवर लिहिली जातात किंवा कोठेच लिहिली जात नाहीत. फाइलचे नाव दिसते, उघडायला जावे तर काही नसते.

नवी पेठेतल्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पण पक्के बिल घ्या आणि त्याच दिवशी रिकामे कार्ड संगणकाला जोडून विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री हा मोफत प्रोग्राम चालवा. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेले पुन्हा वाचून पडताळतो. १२८ जीबीला दोनेक तास लागू शकतात, तेवढे लागू द्या. ६४ जीबीचे कार्ड संगणकावर ५९ जीबीच्या आसपास दिसते, त्याने बिचकू नका. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. पडताळणी झाल्यावर कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

जुळे सोलापूरकर

व्ही ३० खुणेची १२८ जीबीची दोन कार्डे घेतली, दोन्हींची पडताळणी निर्दोष झाली. काल संध्याकाळी वडिलांना रिक्षाने सिद्धेश्वर तलावाच्या काठी नेले आणि त्याच १०० मेगाबिटच्या दराने सलग चाळीस मिनिटे चित्रण केले. कॅमेरा एकदाही थांबला नाही.