मदत हवी आहे: इंटरफेरॉन रक्तवाहिनीतला दाह शमवते की वाढवते?

नमस्कार. मी सोलापूरला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने घरोघरी पिंपे भरलेली असतात आणि पावसाळा सरला की डेंग्यूची चर्चा गल्लोगल्ली सुरू होते. म्हणून सेमिनारसाठी डेंग्यू आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियल पेशी हा विषय घेतला. आता त्यात अडकलो आहे.

पेशीने विषाणूचा आरएनए ओळखला की एनएफ-कप्पा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनामुळे आयएल-६ आणि आयएल-८ हे दाहाचे संदेशरेणू तयार होतात, तर आयआरएफ-३ या तशाच प्रथिनामुळे इंटरफेरॉन-बीटा, म्हणजे विषाणूविरुद्ध इशारा देणारे प्रथिन. हे इंटरफेरॉन बाहेर पडून शेजारच्या पेशींच्या ग्राहीला चिकटते आणि जॅक-स्टॅट या पेशीतल्या संदेशमार्गाने शेकडो जनुके जागी करते. इथवर समजले. पुढे मात्र एके ठिकाणी वाचले की ते मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील पेशींचे सांधे घट्ट करते आणि काही पेशींत आयएल-८ कमी करते; दुसरीकडे तेच सीएक्ससीएल-१० हा संदेशरेणू वाढवून टी-पेशींना बोलावून घेते. शिवाय, इंटरफेरॉन दिल्यावर दाह कमी दिसला, तर तो विषाणूच घटल्यामुळे की दाहाच्या जनुकांवर थेट लगाम बसल्यामुळे, हे वेगळे कसे काढावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:
तुमचा घोटाळा 'दाह' या एका शब्दाने केला आहे. आयएल-८ मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावते, सीएक्ससीएल-१० टी-पेशींना; पहिले घटत असताना दुसरे वाढू शकते, आणि त्यात विसंगती काहीच नाही. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी इंटरफेरॉन ओळखले ते विषाणूला अडवणारे द्रव्य म्हणून, आणि आपण अजूनही त्याच चष्म्यातून त्याच्याकडे पाहतो. काय मोजले, ते प्रत्येक वेळी नावानिशी लिहा.

दुसऱ्या प्रश्नासाठी विषाणूच बाजूला ठेवा. पॉली आयसी हा विषाणूच्या दुपदरी आरएनएसारखा कृत्रिम रेणू आहे. तो पेशीला जागे करतो, पण त्याची संख्या वाढत नाही. अशा पेशींना इंटरफेरॉन दिल्यावरही आयएल-८ घटले, तर विषाणू घटल्याचे कारण उरत नाही. मात्र पॉली आयसीमुळे पेशी स्वतःचे इंटरफेरॉनही बनवतात, म्हणून रुक्सोलिटिनिब या औषधाने जॅक बंद केलेला एक गट हवाच. तो नसेल तर निष्कर्ष लंगडा राहील. पुढे विषाणू वापरलात, तर डेंग्यूचे एनएस-५ हे प्रथिन स्टॅट-२ हा जॅक-स्टॅट मार्गातला दुवा नष्ट करते हे विसरू नका. लागण झालेली पेशी इंटरफेरॉनला नीट दाद देत नाही, शेजारची देते, आणि सगळ्या थाळीची सरासरी काढली की हा फरक दिसेनासा होतो.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. जिवंत डेंग्यू विषाणू हाताळण्याची सोय आमच्याकडे नाही, त्यामुळे पॉली आयसी सोयीचे पडेल. ते माध्यमात नुसते मिसळावे की लिपिडसोबत पेशीत सोडावे?

प्रतिसाद:
नुसते मिसळल्यास मुख्यतः टीएलआर-३ हे आरएनए ओळखणारे प्रथिन जागे होते, पेशीत सोडल्यास आरआयजी-आय आणि एमडीए-५ ही पेशीद्रवातली तशीच प्रथिने. डेंग्यूचा आरएनए पेशीद्रवात वाढतो, म्हणून दुसरी पद्धत त्याला अधिक जवळची आहे. नुसत्या लिपिडचा नियंत्रण गटही ठेवा, कारण लिपिडानेही पेशी बिथरतात.