स्वेच्छादान आणि नेमणूक
निवासमंडप (इस्राएली लोकांनी रानात उभारलेले तंबूचे फिरते उपासनास्थान) केवळ स्वेच्छादानातून उभा राहिला, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या ३६व्या अध्यायात दान इतके साचले की इस्राएली लोकांचा नेता मोशे याला ते थांबवण्याची दवंडी पिटवावी लागली, हे खरे (आजच्या विश्वस्तांना हे स्वप्नवत वाटेल). परंतु मंडपाच्या फळ्यांखालच्या चांदीच्या बैठका दरमाणशी अर्ध्या शेकेलच्या (शेकेल हे चांदीचे वजन) सक्तीच्या वर्गणीतून ओतल्या गेल्या. नेतृत्वाबद्दल तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या बराखोत भागात रब्बी इसहाक बजावतात की समाजाला विचारल्याशिवाय त्याच्यावर प्रमुख नेमू नये, कारण मंडपाचा मुख्य कारागीर बसालेल याची निवड स्वतः केलेली असूनही देवाने आधी मोशेचे आणि मग मोशेमार्फत लोकांचे मत घेतले. माझ्या मते स्वयंसेवकांच्या कामात दानाच्या उत्साहापेक्षा ही संमतीच अधिक दुर्लक्षित राहते.