'सिरियाना' पाहिलेल्यांनी कृपया मदत करा

मंडळी, 'सिरियाना' (२००५) हा तेलाच्या राजकारणावरचा चित्रपट काल दुसऱ्यांदा पाहिला, तरी डोक्याचा पार भुगा. आखाती देशाचा राजपुत्र नासिर नैसर्गिक वायूचं कंत्राट चिनी कंपनीला देतो, कारण त्यांची बोली मोठी. हे कळलं. कॉनेक्स या बड्या अमेरिकी तेल कंपनीला छोटी किलेन कंपनी हवी, कारण कझाकस्तानातल्या तेलाचे हक्क तिच्याकडे. हेही ठीक. पण मग अमेरिकी न्याय खात्याला नेमकं काय हवं असतं? दोन माणसांचा बळी देऊन विलीनीकरण मंजूर होतं कसं?

नोकरी गेलेल्या वसीमचा (तो पाकिस्तानी कामगार) धागा तेवढा सरळ कळला (आणि रात्रभर छळत राहिला). शेवटी जॉर्ज क्लूनी (तो सीआयएचा हेर) वाळवंटात गाडी पळवतो, ते नासिरला सावध करायलाच ना? इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांना सीआयएच्या मदतीने हटवल्याचं १९५३चं प्रकरण वाचलंय, त्यामुळे थोडं खोलात सांगितलंत तरी चालेल.