देव हा मेंदूचा भास, मग तुमची बुद्धी काय वेगळी?

उंबरठा:
परवाच्या त्या लेखात एका वाक्यात निकाल लावलाय, देव हा उत्क्रांतीने मेंदूला लावलेला भास आहे, विषय संपला. डोकंच फिरलं वाचून. गवत हललं की जनावर आलं समजून पळणारे जगले, म्हणून आपल्याला वाऱ्यामागेही कोणीतरी दिसतं, इथवर ठीक. पण ज्या बुद्धीने हे शोधलंत तीही त्याच नैसर्गिक निवडीतून आली ना, म्हणजे जगायला उपयोगी ते टिकलं, बाकी गळलं? जगायला उपयोगी पडलं म्हणजे ते खरंच असतं असं थोडंच आहे. मग देवाबाबत मेंदू फसवतो आणि उत्क्रांतीबाबत तेवढा खरं बोलतो, हे कुठल्या न्यायाने? ही शंका कुणा कीर्तनकाराची नाही, खुद्द डार्विनने १८८१ मध्ये विल्यम ग्रॅहम नावाच्या लेखकाला लिहिलेल्या पत्रात आहे.

खडूस_मास्तर:
पत्र पूर्ण वाचलंत का? विश्व निव्वळ योगायोगाने झालेलं नाही असं आतून वाटतं, असं लिहून लगेच तो म्हणतो की खालच्या प्राण्यांपासून आलेल्या मनाच्या असल्या खात्रीवर भरवसा काय ठेवायचा. म्हणजे शंका तुमच्याच बाजूवर उलटते! आणि बुद्धी चुकते हे आम्हालाही माहितीय, म्हणून तर प्रयोग दुसऱ्याकडून तपासून घेतात. आमच्या जुन्नरकडे ऊस सळसळला की बिबट्या समजून माणूस आधी पळतो, पण मग चारजण बॅटरी घेऊन ठसे बघायला जातातच की. देवाचे ठसे कोणी बघितलेत?

रानवारा:
मास्तर, वॉलेसचं काय करणार? १८५८ ला डार्विनच्या जोडीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा माणूस १८६९ मध्ये म्हणाला की माणसाचं डोकं नुसत्या नैसर्गिक निवडीने होत नाही, रानात राहणाऱ्याला एवढी अक्कल लागतेच कुठे. त्याचा तो लेख येणार कळताच डार्विन इतका हबकला की आपलं दोघांचं मूल अगदीच मारून टाकलं नसेल अशी आशा आहे, असं त्याने कळवलं.

खडूस_मास्तर:
हा वॉलेस आत्म्यांना बोलावणाऱ्या बैठकांना जायचा. देवी रोगाच्या लशीलाही विरोध करायचा. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या, तेव्हा हा इथे असता तर वाटी-चमचा घेऊन रांगेत पहिला.

माईची_लेक:
रांगेतल्या लोकांना हसू नका. माझ्या आईने स्वतः पाजलंय, चमचा रिकामा होताना मी डोळ्यांनी बघितलाय. त्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळलेले, तिला त्या दिवशी किती धीर आला ते तुम्हाला नाही कळायचं.

खडूस_मास्तर:
धीर आला हे मान्य, दूध प्यायलं हे नाही. पृष्ठताण हो ताई, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. चमचा काठोकाठ भरा, तिरका करून सोंडेला टेकवा, दूध मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली उतरतं, पांढऱ्या संगमरवरावर दिसत नाही एवढंच. दिल्लीत शास्त्रज्ञांनी रंग घालून दाखवलं होतं.

माईची_लेक:
मग दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी का बंद झालं? पृष्ठताण रजेवर गेला होता का?

खडूस_मास्तर:
लोक कामाला गेले होते!! आजही करून बघा, आजही पितो.

उंबरठा:
धागा कशावर आणि चाललंय काय. मास्तर, वॉलेस भोळा होता म्हणून त्याचा प्रश्न खोटा ठरत नाही. शिकार करून जगणाऱ्याच्या डोक्यात कलनशास्त्रासारखं अवघड गणित शिकण्याची ताकद आधीपासून कशाला, याचं उत्तर द्या. लशीचं नंतर बघू.

खडूस_मास्तर:
वाघाचा माग काढताना "ठसा ओला, म्हणजे तो आत्ताच गेला" हा तर्कच आहे, गणित त्याच्यावरच चढवलेलं. त्याला गणितासाठी वेगळी निवड लागत नाही. माग काढण्यापासून गणितापर्यंतचा सगळा जिना अजून कोणाला नीट दाखवता आलेला नाही, हे घ्या, दिलं मान्य करून, पेढे वाटा. पण पायरी दिसत नाही म्हणून तिथे देव बसवायचा हे चालणार नाही.

उंबरठा:
बसवा म्हणालं कोण? विषय संपला म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतोय की संपलेला नाही. पेढे तुम्हीच खा.

चहाबाज:
मास्तर, मूर्ती पितळेची आहे, चालेल का? आणि चमचा स्टीलचाच लागतो की कुठलाही?